वावरातला गोल

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. मी नववीच्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते. "ताई, वावर पाहाले लोकं आल्ते. त्यायले सपाट जमीन पायजे. मधातल्या त्या गोट्यायचं काय करू? जेसीबी अर्ध्या दिवसात साफ करून देते म्हणते."

पेपर बाजूला ठेवले. मी येईपर्यंत कोणालाही एका गोट्याला हात लावू देऊ नकोस, एवढंच त्याला सांगितलं. रात्रभर झोप आली नाही. भावाचं चुकलं असं मला वाटत नव्हतं. हिंगण्याच्या पुढे आमच्या गावाला लागून दोन लेआउट पडलेत, कपाशीचा खर्च निघत नाही, त्याच्या दोन्ही मुलांची शिक्षणं चालू आहेत. प्रश्न त्या गोलाचा होता. तो गोल आमच्या वावरात नसता तर मी आयुष्यात कधी अमरावती रोडवरच्या नागपूर विद्यापीठाच्या कॅम्पसची पायरी चढले नसते.

गोल म्हणजे काय ते आधी सांगते. वावराच्या मध्याच्या थोडं वर, जिथे जमीन मुरमाड होत जाते, तिथे काळ्या दगडांचं एक रिंगण आहे. एकेक दगड गुडघ्याएवढा, काही कमरेपर्यंतचे. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा हातभर उंच. आबाजी तिथून कधी वखर नेत नसत. बैलजोडी वळवून घ्यायचे आणि तेवढा तुकडा पडीक ठेवायचे. लहानपणी आम्ही त्या दगडांवर चढलो की ओरडायचे, "त्या गोट्यायले पाय नोको लावू व माय, गवळ्यायची वस्ती हाय ते." गवळी म्हणजे कोण, कुठले, कधीचे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या बापानं सांगितलं, ते त्यांनी आम्हाला सांगितलं.

त्यातल्या दोन दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे आहेत, सरळ रेषेत. आबाजी बांधाकडे गेले की मी आणि माझी मैत्रीण त्या खळग्यांत चिंचोके मांडून खेळायचो. पावसाचं पाणी साचून ते खळगे झाले असतील, असंच मला एमएच्या पहिल्या वर्षापर्यंत वाटत होतं.

१९९४ साली बीए झाल्यावर घरच्यांच्या मनात बीएड होतं. माझंही तेच होतं. प्रवेशाला वेळ होता म्हणून 'प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व' या लांबलचक नावाच्या विभागात एमएचा फॉर्म भरला. पहिल्या पंधरा दिवसांतला एक तास. सरांनी फळ्यावर खडूनं एक वर्तुळ काढलं, त्याच्या कडेनं छोटे छोटे गोळे काढले आणि म्हणाले, "शिलावर्तुळ. विदर्भात लोहयुगातले लोक आपल्या मृतांना असं पुरायचे." मी हात वर केला. वर्गात तोवर मी एक शब्द बोलले नव्हते. म्हटलं, "सर, हे आमच्या वावरात आहे."

सर हसले नाहीत. वहीत गावाचं नाव लिहून घेतलं आणि पुढच्या रविवारी खरंच आले. नागपुरातल्या बर्डीहून लाल डबा पकडून, फाट्यापासून तीन किलोमीटर पायी. सोबत कापडी टेप, होकायंत्र, आलेख कागद आणि एक जुनी छत्री. आबाजींनी त्यांना आधी बाजेवर बसवलं, पाणी दिलं, मग विचारलं, "सोनं काढाले आले का, साहेब?" सर म्हणाले, "नाही बाबाजी, मोजायला आलोय. खोदणार नाही." दिवसभर आम्ही मोजत होतो. १९ दगड. उत्तर-दक्षिण व्यास १४ मीटर २० सेंटिमीटर. खळगे असलेले दगड कोणत्या दिशेला आहेत तेही सरांनी होकायंत्र ठेवून नोंदवलं. खळगे माणसानं कोरलेत हे कळलं त्या क्षणी मी चिंचोक्यांचं बोलले. त्यावर सर म्हणाले, "तुझ्या आधी अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी तिथे बसलं होतं." तो आलेख कागद अजून माझ्याकडे आहे. घड्यांवर सेलोटेप पिवळा पडलाय.

असे गोल नागपूरच्या भोवती शेकड्यानं आहेत. काटोल रोडवरच्या एकट्या जुनापाणीला सुमारे ३०० आहेत. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण आहे, पूर्वेकडे गेलं की तो संपतो. आपण त्या लाव्ह्याच्या पूर्वेकडच्या काठावर राहतो आणि गोल करायला लागणारे धोंडे इथे माळावर सहज मिळतात. धोंडे रिंगणात मांडायचे, मध्ये काळी माती आणि गोटे भरायचे, त्याखाली माणसाचे अवशेष आणि त्याच्या वस्तू. लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, तांब्याच्या बांगड्या, मण्यांच्या माळा, आणि आतून काळी बाहेरून लाल अशी मडकी. ही मडकी भट्टीत उपडी ठेवून भाजायची. आतल्या बाजूला हवा पोचत नाही म्हणून ती काळी पडते आणि बाहेरच्या बाजूला हवा मिळते म्हणून लाल होते. आमच्या सरांनी हे सांगितल्यावर आम्ही मेसच्या मागे चुलीवर करून पाहायचा प्रयत्न केला होता. दोन मडकी फुटली, तिसऱ्याला काठाजवळ जरा काळा पट्टा आला, त्याचाच आम्हाला केवढा आनंद झाला होता.

या गोलांकडे अभ्यासाच्या नजरेनं पाहणारा इथला पहिल्या काही माणसांतला एक म्हणजे स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडहून १८४५ साली नागपूरला आलेला मिशनरी. त्यांनी शाळा काढली, जिचं पुढे १८८३ साली कॉलेज झालं, आणि धर्मप्रचारासोबत इथले दगड, जीवाश्म, गोंडांची भाषा असं सगळं टिपून ठेवलं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला शिलावर्तुळं उकरली जात होती, ती पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. घोडा एकटाच मुक्कामाला पोचला. त्यांचे कागद १८६६ साली सर रिचर्ड टेंपल यांनी छापून आणले. आपल्या शहरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. ज्या माळावरून परतताना त्या माणसाचा जीव गेला तो माळ फार थोड्यांना माहीत आहे. मी दरवर्षी सहावीच्या मुलांना पहिला इतिहासाचा तास हिस्लॉपपासून सुरू करून देते.

त्यानंतर शंभर वर्षांनी, १९६८-६९ मध्ये, त्याच टाकळघाटला आणि शेजारच्या खाप्याला नागपूर विद्यापीठानं उत्खनन केलं. प्रमुख होते प्रा. शां. भा. देव. खाप्याला दफनाची वर्तुळं, टाकळघाटला राहत्या वस्तीचा ढिगारा. म्हणजे तीच माणसं जिथे जगली आणि जिथे पुरली गेली, अशा दोन्ही जागा. लगेच १९६९-७० मध्ये भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या पवनीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणासोबत खोदकाम झालं आणि तिथे बौद्ध स्तूप उघडे झाले. १९७० ते ७२ नागपूरजवळचं माहूरझरी. तिथल्या वर्तुळांत घोड्यांची हाडं निघाली आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचा तांब्याचा साजही निघाला. ज्यानं तो साज बनवला त्याला आपल्या घोड्याचं किती कौतुक असेल! या सगळ्या काळात, १९६६ ते ७२, विद्यापीठाचे कुलगुरू होते डॉ. वि. भि. कोलते, महानुभाव पंथाच्या पोथ्यांवर आयुष्य वेचलेले संशोधक. चार वर्षांत चार जागी खोदकाम करणारा विभाग आणि त्यावर असा कुलगुरू, हा योग मला अजूनही मोठा वाटतो. देव सर पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले, तिथले संचालक झाले. पण विदर्भातले गोल त्यांनी सोडले नाहीत. पेंच नदीकाठच्या नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली तीही त्यांच्याच कामात. वितळलेल्या खनिजाचा राहिलेला काळा, जड, भोकं पडलेला कीट मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वाटलं, हे तर आमच्या गावच्या लोहाराच्या भात्यापाशी पडलेलं असतं तेच.

देवांच्या आधीचं नाव म्हणजे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी. कोकणातला माणूस, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत राहिला आणि विदर्भाला त्याचा वाकाटक राजांचा इतिहास ताम्रपट वाचून वाचून परत दिला. वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा ग्रंथ १९६३ साली निघाला तेव्हा त्यांचं वय ७० होतं. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे त्यांनी हिरिरीनं मांडलं. पुढे प्रा. अजय मित्र शास्त्री यांच्या काळात विभागानं कुही तालुक्यातल्या मांढळला खोदलं. वाकाटकांची शिल्पं आणि ताम्रपट तिथून आले. रामटेकजवळच्या नगरधनला अलीकडे राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेजच्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा निघाली, ते वृत्त वाचलं त्या दिवशी मी वर्गात पेढे वाटले होते. बाईनं राज्य चालवलं त्याचा पुरावा अंगठ्याएवढ्या मातीच्या तुकड्यावर!

हॉस्टेलचे दिवस मी वेगळे काढून सांगू शकत नाही, ते या सगळ्यात मिसळलेले आहेत. खोलीत आम्ही तिघी. एक गडचिरोलीकडची, एक पवनीची. पवनीवाली ज्या टेकडीवर लहानपणी घसरगुंडी खेळली, त्याच टेकडीखाली स्तूप होता हे तिला आमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकातून कळलं. त्या रात्री ती बराच वेळ गप्प बसली होती. सकाळी सातला आम्ही कॅम्पस चौकात तर्री-पोहे खायचो, एका प्लेटमध्ये दोघी, आणि तर्री पुन्हा पुन्हा मागून घ्यायचो. एप्रिल-मेमध्ये खोलीत बसवत नसे. कूलर नव्हता. ओली चादर खिडकीला लावायची आणि रात्री गच्चीवर झोपायचं. अंबाझरीकडून पहाटे जरा वारा यायचा. परीक्षेच्या दिवसांत रामदासपेठेतलं विद्यापीठाचं ग्रंथालय हेच घर. तिथे देव सरांचे उत्खनन अहवाल होते, पिवळ्या पानांचे, शेवटी घड्या घातलेले मोठे नकाशे. ते उलगडताना कागद फाटेल अशी भीती वाटायची. मी माहूरझरीचा अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत हातानं वहीत उतरवला. झेरॉक्सला पैसे नव्हते हे कारण होतंच, पण लिहिता लिहिता जे डोक्यात बसलं ते बसलंच.

दुपारी विभागाच्या व्हरांड्यात आम्ही सर्वेक्षणात गोळा केलेली खापरं धुवायचो. जुना दातांचा ब्रश, बादलीभर पाणी. धुतलं, वाळवलं, मग आतल्या बाजूनं बारीक अक्षरात काळ्या शाईनं गावाचं नाव आणि क्रमांक. माझं अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे. एका खापरावर अभ्रकाची चकाकी, दुसऱ्यावर कुंभाराच्या बोटाची खूण. त्या खुणेवर मी माझं बोट ठेवून पाहिलं होतं, बरोब्बर बसलं. कुंभारीण असेल का, असं सरांना विचारलं. ते म्हणाले, "शक्य आहे. पण लिहू नको, एवढ्यावरून सिद्ध होत नाही." त्या एका वाक्यानं मी अभ्यास काय असतो ते शिकले. आज वर्गात मूल काही अफाट बोललं की मीही त्याला तेच सांगते: शक्य आहे, पण अजून लिहायचं नाही.

सर्वेक्षण म्हणजे चालणं. पाच-सात जणांनी एका ओळीत, दहा-दहा मीटर अंतर ठेवून, नजर जमिनीवर. पऱ्हाटी निघालेलं वावर सगळ्यात चांगलं, कारण नांगरटीनं खालचं वर आलेलं असतं. शेतकऱ्यांशी बोलायचं, गुराख्यांना विचारायचं. "इकडे गोट्यायचं रिंगण हाय का कुठं?" नकाशात नसलेली जागा गुराख्याला ठाऊक असते. एका आजीबाईनं आम्हाला भर उन्हात ताक पाजून नाल्यापलीकडचे चार गोल दाखवले होते. ते चार गोल पुढच्या वर्षी पाहायला गेलो तर रस्त्याच्या भरावात गेले होते. कोणी मुद्दाम नव्हते फोडले. कंत्राटदाराला खडी हवी होती, आणि तिथे काही आहे हे कोणाच्याच कागदावर नव्हतं.

२०२३ साली आमच्या विद्यापीठाला शंभर वर्षं झाली. ४ ऑगस्ट १९२३ची स्थापना. २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हे नाव. २०२३च्याच जानेवारीत, ३ ते ७ तारखेला, १०८वी भारतीय विज्ञान काँग्रेस कॅम्पसवर भरली. मी शाळेची ४० मुलं घेऊन गेले. मुलं रॉकेटच्या प्रतिकृतीपाशी थांबली, मी त्यांना येताना माझ्या विभागाचा व्हरांडा दाखवला. त्या वर्षभर आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माजी विद्यार्थ्यांच्या याद्या फिरत होत्या. सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला मॉरिस कॉलेजचे. २०१९ ते २१ सरन्यायाधीश असलेले शरद बोबडे यांची वकिलीची पदवी आपली. पी. व्ही. नरसिंह रावांनी कायदा इथे शिकला. वंदे मातरम् गायल्याबद्दल हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला होता, ही गोष्ट मला त्या यादीतल्या कुठल्याही पदापेक्षा मोठी वाटते. घर सुटलेल्या मुलांना वर्गात बसायला जागा देणं हे काही लहान काम नाही.

मी त्या यादीत मेडिकलची, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची, माणसं घातली. मेडिकल तेव्हा नागपूर विद्यापीठाशी संलग्न होतं. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथलेच. डॉ. अभय आणि राणी बंगही तिथलेच. बंगांचं गडचिरोलीतलं काम मला माझ्या विषयाच्या फार जवळचं वाटतं. ३९ गावांत गावातल्याच बाया शिकवून तयार केल्या, त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची नोंद ठेवली, काळजी घेतली. तुलनेला दुसरी ४७ गावं ठेवली. नवजात बाळांच्या मृत्यूंत ६२ टक्के घट झाली आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यासाठी कुठली मोठी इमारत लागली नाही. उंबऱ्यापर्यंत चालत जाणारी बाई, तिच्या हातातली वही आणि त्या वहीत खरी नोंद, इतकंच लागलं. देव सरांची माणसं वावरावावरातून चालली, बंगांच्या आरोग्यदूत घरोघरी चालल्या. आपल्या विद्यापीठातून निघालेलं उत्तम संशोधन मला असं पायी झालेलं दिसतं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

यादीत न येणारेही आहेत. माझी पवनीची मैत्रीण आता तिच्याच गावी शिक्षिका आहे. दरवर्षी मुलांकडून टेकडीभोवतीचा कचरा उचलून घेते. बॅचमधला एक जण तालुक्याला वकिली करतो आणि कोणाच्या वावरात नाणी-मूर्ती निघाली की लोक आधी त्याला विचारतात. तो त्यांना १८७८चा निखात निधी कायदा समजावून सांगतो. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तो धाक घालत नाही, सोबत येऊन अर्ज लिहून देतो. गडचिरोलीच्या मैत्रिणीचं पीएचडीचं काम लग्नानंतर राहून गेलं. तिच्या जमवलेल्या नोंदी तिच्या मुलीनं आता संगणकावर चढवायला घेतल्या आहेत.

भावाच्या फोननंतरच्या रविवारी मी गावी गेले. सोबत नववीतली सहा मुलं, त्यांच्या आईवडिलांची परवानगी घेऊन. टेप आता फायबरचा, होकायंत्र मोबाइलमध्ये. खोदायचं नाही, दगड हलवायचा नाही, गवत उपटायचं तेही हातानं, एवढं आधी बजावलं. मुलांनी प्रत्येक दगडाला खडूनं क्रमांक दिला, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढले, दोन्ही दिशांचे व्यास मोजले. १४ मीटर २० सेंटिमीटर, तोच आकडा आला तेव्हा मला आवाज फुटेना. एका मुलीनं खळग्यांत बोट घालून विचारलं, "मॅडम, हे कशासाठी?" जुनापाणीच्या खळग्यांच्या दिशा खगोलाच्या अभ्यासकांनीही मोजल्यात, काहींना त्यात सूर्याच्या उगवण्या-मावळण्याचा संबंध दिसतो, हे तिला सांगितलं. मग ती म्हणाली, "शक्य आहे, पण लिहायचं नाही ना?" 

दगड मात्र सतराच भरले. तीनदा मोजले, सतराच.

भाऊ बांधावर उभा राहून बघत होता. तो एकदम म्हणाला, "ताई, गोठ्याचा उंबरा पाह्य." १९९९ साली बाबांनी गोठा बांधला तेव्हा एक दगड बंडीवर घालून आणला होता. आबाजी तेव्हा नव्हते. उंबऱ्याचा दगड धुऊन काढला. रंग, पोत, आकार सगळं जुळत होतं, आणि रिंगणात आग्नेयेला जिथे फट आहे तिथल्या दगडाचं १९९४चं माप आलेख कागदावर होतंच. तेही जुळलं. मुलं म्हणाली परत नेऊन ठेवू. मी नको म्हटलं. उचलून नेताना आधीच्या खुणा बुजतात. काय, कुठे, कधी हललं ते आधी नीट लिहायचं, मग विभागातल्या जाणत्या माणसांना विचारायचं.

जुनापाणीसारख्या संरक्षित स्थळाला कायदा आहे, सभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. आमच्या वावरातल्या एकट्या गोलाला असं काही नाही. त्याला फक्त सातबाऱ्यावरचं नाव राखू शकतं. संध्याकाळी भावानं माझ्याकडून तो आलेख कागद मागून घेतला, अंगणातल्या दिव्याखाली बराच वेळ पाहिला. जमीन बघायला आलेल्यांना दुसऱ्या दिवशी त्यानं फोन करून सांगितलं की विकलीच तर खालची अडीच एकर विकेन, वरचा तुकडा नाही. मी त्याला काही म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "आबाजीनं वखर नाही नेला तिथून. मी कसा नेऊ?"

मी मुलांच्या मोजमापाची नक्कल करून जुन्या कागदाच्या झेरॉक्ससह विभागात देऊन आले. व्हरांड्यात अजून खापरं वाळत घातलेली होती. एक मुलगी काळ्या शाईनं क्रमांक लिहीत होती. मी तिच्याजवळ दोन मिनिटं बसले, तिचं अक्षर पाहिलं. फार सुंदर होतं.

गेल्या मंगळवारी भावाचा पुन्हा फोन. एकोणिसावा सापडला. विहिरीच्या काठाशी आई ज्यावर गेली वीस-बावीस वर्षं कपडे धुते, तोच. मधोमध जरा झिजलाय, पण एका अंगाला माप बसतं. आईनं तो हलवू द्यायला साफ नकार दिला. मी कागद काढला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: दगड क्र. १९, विहिरीजवळ, वापरात.